आजच्यापुरतं की ठेवायचं?

येळ्ळूर, जि. बेळगाव,
बुधवार

प्रिय नीलम,

फोन असताना ह्या म्हातारीला कागद कुठनं सुचला म्हणून कपाळाला आठ्या घालू नको. फोनवर तू मला अर्ध्यात तोडतीस. "आत्ती, गिऱ्हाईक आलंय, मागनं बोलते," म्हणतीस. दर वेळेला गिऱ्हाईक येत न्हाय गं, एकेक वेळेला तुला रडू येतंय, ते काय मला कळत न्हाय व्हय? कागदाला तोडता येत न्हाय. फाडता येतंय, पण सासूचं अक्षर फाडायचा धीर तुला व्हायचा न्हाय. गल्लीतला शामू उद्या निपाणीला चाललाय, त्याच्या हातात देते. त्याला सांगून ठेवलंय, वाटेत उघडून वाचलास तर तुज्या बायकोला तुजं सगळं सांगीन. काय सांगणार ते मलाच माहीत न्हाय, पण त्याचं तोंड बघायला पायजे हुतंस.

तर तुज्या कामाचं पैलं. तुमच्या मालकाला शेअरच्या हापिसातल्या गिऱ्हाइकांसाठी नवं सॉफ्टवेअर घ्यायचंय, तिनातलं एक निवडायचंय, आणि तू ती तिन्ही पारखायला माज्या गळ्यात घातलीस. वर म्हणालीस, "आत्ती, तुम्हास्नी जमलं म्हंजे कुणालाबी जमंल." सातवी पास बाईचं असलं कौतुक आजपातूर कुणी केलं न्हवतं बघ! पण बसले मी. सकाळी बाजार उघडायचा, खोट्या पैशानं शेअर घ्यायचे, दुपारी बाजार मिटायच्या आत इकायचे. पैसे खोटे असले तरी छाती खऱ्यासारखीच धडधडती. मंगल शेजारनं येऊन इचारायची, "काय गं गुणा, कुणाचा फोन यायचाय?" मी म्हणायची, बाजाराचा.

आणि एक गोष्ट तू इचारली न्हाईस, उलट लपवून ठेवलीस. तीबी मला कळलीय. तिचा निकालबी ह्याच कागदात लावणार हाय. आता धडधडू दे तुजीबी जरा, तवर मी सॉफ्टवेअरचं सांगते.

पैल्याचं नाव मी तुरतुऱ्या ठेवलंय. पिनकोड टाकला की थेट कन्नडात उघडला. येळ्ळूरच्या बाईच्या फोनात! मला वाचता येतंय, न्हाय असं न्हाय, पण निदान इचारायचं तरी. हुडकून हुडकून मराठी काढली, तर ती मराठी तापात बरळल्यागत. एका बटनावर काय लिवलंय म्हाईत हाय? "स्थिती चौकोनी करा." सौदा मिटवा म्हणायचं हुतं म्हणं त्याला. माजी स्थिती गोल का चौकोनी, ह्याला काय करायचंय? त्याचा गुण एकच, लई चपळ. बोट लागलं की माल घेतला, दुसऱ्यांदा इचारणं न्हाय. तोच अवगुणबी. म्हशीची धार काढताना फोन कमरंला खोचला हुता, उठून बघते तर कुठल्यातरी पाइपाच्या कंपनीचे दोनशे शेअर माज्या नावावर. आता ते मी घेतले का म्हशीनं, देवाला ठावं. तुमच्याकडं ते रिटायर मास्तर येतात न्हवं, ज्यांचे हात थरथरतात? त्यांच्या हातात हे दिऊ नको.

दुसरा काळ्या. सगळा पडदा काळाकुट्ट आणि त्यावर लाल-हिरव्या कांड्या उभ्या. तू त्याला मेणबत्त्या म्हणतीस. मला त्या संकेश्वरी मिरच्या दिसत्यात, निम्म्या पिकलेल्या, निम्म्या हिरव्या. ह्याच्यात काय न्हाय ते इचार. हजार रेघा मारता येत्यात, चार शेअर एका येळेला बघता येत्यात, भाव अमक्याच्या खाली गेला की घंटा वाजवायची सोय हाय. ती घंटा मी लावली आणि इसरले. बचतगटाची मीटिंग चालू, मालुबाई हप्त्यावरनं तावातावानं बोलती, आणि माज्या पिशवीत शंख फुकल्यागत आवाज. मालुबाई हात जोडून उभारली गं! तुमच्या तंबाखूवाल्या शेठजींना काळ्या आवडंल, दोन दोन पडदे लावून बसणारी माणसं ती. पण आमच्यासारख्या गावात त्याचा जीव जातोय. रेंज फकस्त माळवदावर टाकीजवळ. खाली आलं की मिरच्या जागच्या जागी थांबत्यात आणि भाव मातूर पुढं गेलेला असतोय. मघाचं बघायचं आणि आत्ताचं समजायचं, लई वाईट खोड ती.

तिघांच्याबी मदतीच्या नंबरावर मुद्दाम फोन लावले, तू सांगिटलं न्हवतंस तरी. तुरतुऱ्यानं गाणं ऐकवलं, संपंना. काळ्याकडची पोरगी हिंदीत एकच वाक्य परत परत म्हणत हुती, मला तिची दया आली. तिसऱ्याकडं खरं माणूस निघालं. मी म्हटलं बाबा जेवलास का? तर म्हणालं, "न्हाय आज्जी, तीननंतर." त्याला मी धा पैकी धा दिले.

हा तिसरा दिसायला बावळट. रेघा थोड्या, रंग फिकट, चालबी संथ. पण अक्षर मोठं हुतंय, मराठी माणसानं लिवल्यागत हाय, आणि घेताना दर वेळेला थांबून इचारतोय, नक्की घ्यायचं का? वर आणिक एक इचारतोय, आजच्यापुरतं घ्यायचं, का ठेवायचं? ह्या एका सवालासाठी मी त्याला निवडलाय. सांग मालकाला.

का, ते सांगते. तुरतुऱ्यावर मी साखर कारखान्याचे शेअर घेतले हुते. लई जीव लावून घेतले गं, खोट्या पैशाचे असले म्हणून काय झालं. म्हटलं, हे ऱ्हाऊ देत दिवाळीपातूर. सव्वातीनला बघते तर न्हाईत! त्यानं आपलं आपणच इकून टाकलेत. तुला फोन केला तवा तू हसलीस, म्हणालीस, "आत्ती, त्यात आपसूक आजच्यापुरतंच असतंय, सांज व्हायच्या आत सगळं मोकळं करतंय ते. बरं असतंय, रात्री घोर न्हाय."

रात्री घोर न्हाय. ते तुजं बोलणं घिऊन मी लई येळ माळवदावर बसले. माजा ल्योक असला तरी आपला विक्रम कसा हुता आठीव. सगळं उद्यावर. छपराची कौलं उद्या, गाडीचा ब्रेक उद्या, तुला गोव्याला न्यायचं उद्या. त्या हायवेनं त्याचा उद्या न्हेला आणि तवापासनं तू नेमकी उलटी झालीस. सकाळी उठायचं, त्या दिवसापुरतं रांधायचं, त्या दिवसापुरतं हसायचं, आणि सांज व्हायच्या आत सगळं मोकळं. साडी घिऊ म्हटलं तर हाय ती बास. निपाणीच्या खोलीत एक झाड लाव म्हटलं तर कोण पाणी घालणार. तिनातल्या कुणीबी तुला इचारलं असतं, तर तू आजच्यापुरतंच म्हणाली असतीस. एका माणसानं इचारलं, त्यालाबी तू तेच म्हणालीस.

हां, आता आली ती गोष्ट.

तिसरं सॉफ्टवेअर माज्या फोनात बसंना, तवा तू तुमच्या हापिसातल्या वृषभला ऐतवारी हिकडं लावून दिलंस. पोरगं निपाणीहून बस बदलत आलं, चपला दारात नीट लावल्या, आणि पैला शब्द काय काढावा? "आत्ती." त्याला मी कुणाची आत्ती गं? गावात मला काकू म्हणत्यात, गुणाक्का म्हणत्यात. हे नाव त्यानं तुज्या तोंडातनं ऐकून ऐकून उचललेलं. मी चहा टाकला. जेवायला बसवलं तर कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय. मी म्हटलं, बाबा, मंग तुमी जैन लोक खातासा काय, वारं? लाजलं बिचारं. मंग मी गवारीची भाजी आणि दाण्याची आमटी केली, ती दिस मावळायच्या आत दोनदा मागून जेवलं. फोनात सॉफ्टवेअर घालायला पाच मिन्टं लागली. त्यानं दुपार घालवली. टाकीजवळ उभं ऱ्हाऊन रेंज बघतोय म्हणत हुतं, आणि बघत हुतं दोरीवर वाळत घातलेली तुजी जुनी ओढणी, मी पुसायला घेतलीय ती. शेवटी मीच म्हटलं, वृषभ, ओढणीला रेंज येती काय रं?

मंग सगळं सांगिटलं त्यानं. लग्नाचं तुला इचारलं ते, आणि तू काय म्हणालीस ते. "आत्ती एकट्या पडतील. आणि गाव काय म्हणंल."

गावाचं मी बघते. विधवेचं दुसरं लगीन म्हंजे आमच्यात म्होतूर, ते अंधार पडल्यावर, चार माणसांत, चोरी केल्यागत लावायची रीत. तसलं मी हू देणार न्हाय. तुजं लगीन दिवसाढवळ्या, वाजंत्री लावून. कुणी नाक मुरडलं तर मालुबाईला पुढं घालीन, तिचा आवाज शंखापरीस मोठा.

आणि माज्या एकटेपणाचा घोर तुला कशाला? म्हस हाय, बचतगट हाय, मंगल दिवसातनं चारदा साखर मागायला येती. आता तर खोट्या पैशाचा बाजारबी हाय. आणि निपाणी काय लंडनात हाय? मी तुज्या वयाची असताना तुजा मामंजी गेला, विक्रम तवा रांगत हुता. मला कुणी काय इचारलं न्हाय. माजं पुढं काय, मला काय पायजे, एकानं न्हाय. इचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते तुला न्हाय सांगणार. पण इचारायला पायजे हुतं गं कुणीतरी. तुला इचारणारं माणूस आलंय, आणि तू माजं नाव पुढं करून त्याला दारातनं परत लावतीस? माज्या नावाचा असला वापर मला चालायचा न्हाय. तुला तो नकोच असंल तर तसं तोंडावर सांग त्याला, केस थोडे कमी हाईत म्हणून सांग, मी काय बोलणार न्हाय. माजं नाव मातूर घ्यायचं न्हाय.

आता कागद कशापायी लिवला ते ऐक, माजा हात दुखायलाय. त्या दिवशी वृषभनं हितनंच त्याच्या आईला फोन लावला, पद्मावतीआक्कांना. बाई गोड बोलली. "आमचं काय न्हाय रीं, पोरगं सुखात असलं की झालं. पण मुलीला आईबाप न्हाईत म्हणं, मामा येत न्हाय म्हणं. मंग मुलीकडनं बोलणार कोण?" आणि माज्या तोंडातनं फटकन गेलं, "मी हाय की. मुलीची आई." वृषभ खाली मान घालून बसला, आणि मी पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून चुलीकडं गेले. धा वर्सं तू ह्या घरची हाईस आणि हा शब्द मी तुज्यापुढं एकदाबी बोलले न्हवते. तुला न इचारता परक्या बाईला सांगून बसले. ते तेवढं मनाला लागून ऱ्हायलंय. त्या ह्या ऐतवारी हितं यायच्या हाईत. वृषभला व्हय म्हणायचं का न्हाय, ते तुजं तू ठरीव, सावकाश ठरीव, मी मधी पडणार न्हाय. पण त्या दारात आल्या की मी कोण म्हणून फुडं जाऊ, एवढं मला शनिवारपातूर कळीव. आई म्हणून जायाला व्हय म्हणालीस तर बाकीचं काय बी होवो, मला चालंल.

शाळेत शिकवलं हुतं, खाली नातं लिवून मंग नाव लिवायचं. नात्याची जागा सोडलीय.

तुझीच

………………

गुणाबाई