बाबांच्या ट्रम्पेटची सुधारणा

मी, पितळी वाद्ये घडवणारा आणि इतरांनी आपटलेली दुरुस्त करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या मुलाला शंका असल्यास त्याने डॉक्टरांशी भांडावे.

१. राहते घर पत्नीला. दुरुस्त झालेले प्रत्येक वाद्य मी तिच्या कानाशी वाजवून पाहिले आहे. घर ही भेट नसून नुकसानभरपाई समजावी.

२. पुढचे दुकान थोरल्या मुलाला. भिंतीवर मी वाद्ये जन्मक्रमाने टांगली होती: प्राण्याचे शिंग, लांब सरळ नळी, मग वळवलेली नळी, स्वर बदलायला जादा वेटोळी जोडायचा हॉर्न, शेवटी बोटांनी दाबून स्वर बदलायच्या तीन व्हॉल्व्हचे ट्रम्पेट. चिरंजीवांनी ती किमतीप्रमाणे लावली. शिंग आता दाराआड आहे, त्यावर छत्री अडकवतात. जुना क्रम लावल्याशिवाय त्याला किल्ली देऊ नये.

३. मागची कामाची खोली, हातोड्या, कानशी सगळे मुलीला. पोचे काढण्यात तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे तिला तोंडावर सांगायचे राहिले. मुद्दामच राहिले.

४. आता भिंतीवर कधीच न लागलेले ट्रम्पेट. ते माझ्या वडिलांचे, बिनव्हॉल्व्हचे. नुसत्या ओठांच्या जोरावर निघतील तेवढेच सूर, पण ते निघाले की समोरचे शिंपी मशीन थांबवायचे. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा आणि अतिशहाणा. वडील परगावी असताना मी नळी कापून व्हॉल्व्ह बसवले. कारागिरांना जिथे पोचायला शेकडो वर्षे लागली, तिथे मी एका दुपारीत पोचलो. सगळे सूर निघू लागले, आणि सगळेच घसा बसल्यासारखे.

घरात ते ट्रम्पेट वाजवायचा माझा धाकटा भाऊ. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. वडिलांनी परतल्यावर त्यालाच विचारले, “तू केलंस हे?” रागाच्या भरात त्यांनी ट्रम्पेट हातात घेतलेही नाही. भोंग्याने घेतले, काप पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि ते खाली ठेवले. मी कानस शोधण्यात गर्क होतो. त्याच आठवड्यात त्याने घर सोडले. पुढे प्रत्येक लग्नकार्यात मी त्याची ओळख ‘ट्रम्पेटचा खाटीक’ अशी करून दिली.

मी डावरा आहे. माझी करवत डावीकडे कलते, हे या खोलीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणजे भोंग्यालाही. बावन्न वर्षे तो गप्प बसला, आणि मला माझी लाज वाटते.

ट्रम्पेट भोंग्याला द्यावे. कापलेला तुकडा माझ्या खणात आहे. मुलीने व्हॉल्व्ह काढून तो परत डाखून जोडून द्यावा.

स्थळ: मागची खोली. दिनांक: १४ मार्च २०२६.

सही (डाव्या हाताची).

साक्षीदार पहिले: दाखला देणारे डॉक्टर.

साक्षीदार दुसरे: समोरचे शिंपी. कलम चार वाचून यांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, “भाऊ जिवंत आहे ना तुझा? मग मरायची वाट कशाला बघतोस? आधी फोन लाव, मग सही करतो.”

यांची सही खाली आहे, म्हणजे फोन झाला. मी सगळे सांगितले. भोंगा म्हणाला, “दादा, तो तुकडा तू नको हं डाखूस. पोरीलाच करू दे. मी रविवारी येतो.”