आईच्या वतीने रिसीव्हरविरुद्ध तक्रार

तीर्थस्वरूप दादास,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकता येत नाही, कंबर धरली आहे, का धरली ते पुढे येईलच. तूर्त मनातल्या मनात वाकलो आहे, तेवढं गोड मानून घे.) तुझा गुडघा आता काय म्हणतो? वहिनी नव्या ऑफिसात रुळल्या का? आईची तब्येत उत्तम, भूक उत्तम, राग त्याहून उत्तम. डाव्या कानाने मुळीच ऐकू येत नाही आणि उजव्याने मर्जी असेल तेवढं.

पत्रास कारण, एक गंभीर तक्रार. ती माझी नसून आईची आहे, मी नुसता लेखनिक. तू पाठवलेला होम थिएटरचा रिसीव्हर खोटं बोलतो. आवाज येत नाही, आवाज खरखरतो, अशा तक्रारी जगात पुष्कळ होतात. आपली तशी नाही. आवाज खणखणीत येतो, पण बोलायचं ते सोडून भलतंच बोलतो, असं आईचं ठाम म्हणणं आहे, आणि ते तुला जसंच्या तसं कळवायचं असं तिने मला बजावलं आहे.

आता क्रमाने सांगतो. खोकं आलं त्या दिवशी घरात मोठा उत्साह होता. तो थर्माकोलचे गोळे फरशीभर होईपर्यंत टिकला. रिसीव्हर टीव्हीखालच्या कपाटात मावेना म्हणून कपाटाचं दार काढलं, आणि वायरी जोडायला मी कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत शिरलो. (पन्नाशीनंतर माणसाने कुठल्याही फटीत शिरू नये. शिरणं जमतं, पुढचं घरच्यांच्या हातात असतं.) तू दिलेली ती ऑप्टिकल वायर, जी म्हणे उजेडातून आवाज नेते, टीव्हीच्या भोकात काही केल्या जाईना. वायर बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि ओघाने तुलाही लाखोली वाहून झाली, तेव्हा आमच्या हिने वायर हातात घेतली, टोकावरचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं आणि खट्कन बसवली. ‘पेनाचं टोपण काढूनच लिहिता ना तुम्ही?’ एवढंच म्हणाली. (पुष्कळ बोलणारी बायको एक वेळ परवडते. एवढंच म्हणणारी परवडत नाही.)

तरी आवाज नाहीच. त्याचं असं आहे, दादा. रिसीव्हरच्या पाठीला डिजिटल आवाजाची तीन भोकं: ऑप्टिकल एक, ऑप्टिकल दोन आणि कोॲक्शियल. पुढच्या अंगाला बटणं: टीव्ही, डीव्हीडी, सीडी, गेम. आपल्यासारख्या सरळमार्गी माणसाला वाटतं, टीव्हीचं बटण दाबलं की टीव्हीचा आवाज यावा. तसं नसतं. कुठल्या बटणाने कुठल्या भोकाचं ऐकायचं, हे मेनूत जाऊन आपण नेमून द्यावं लागतं. आमची वायर होती ऑप्टिकल दोनमध्ये, आणि टीव्हीचं बटण कान लावून बसलं होतं ऑप्टिकल एकला, जिथे काहीच नव्हतं. (असे लोक आपल्या नात्यातही आहेत. कान भलतीकडे, आणि वर ‘आम्हाला कुणी काही सांगतच नाही’.) बटणाला ऑप्टिकल दोन नेमून दिलं, तरी शांतता. कारण टीव्ही आवाजाचं गाठोडं बांधून पाठवत होता आणि रिसीव्हरला ती गाठ सुटत नव्हती. शेवटी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडलं, म्हणजे बाबा रे, बांधाबांध नको, सुटंच पाठव. हे सगळं मी आईच्या खुर्चीशेजारी उभं राहून, एकेक बटण मोठ्याने म्हणत केलं. मग वायर नीट बसली आहे का ते पाहायला पुन्हा फटीत शिरलो, आणि नेमके तेव्हाच पाचही स्पीकर एकदम ओरडले. मी दचकून उभा राहिलो, कंबर खालीच राहिली.

इथे थोडी मागची हकीकत द्यायला हवी. कानातलं यंत्र आई वापरत नाही. ते चष्म्याच्या घरात स्वस्थ झोपलेलं असतं. म्हणून संध्याकाळची तिची मालिका मीच तिला सांगतो. तिच्या उजव्या कानाशी खुर्ची लावायची आणि पडद्यावरचा माणूस काय म्हणाला ते ओरडून सांगायचं, असा आमचा गेल्या वर्षभराचा रिवाज. खरं सांगायचं तर दिवसभरात मायलेकांचं बोलणं होतं ते तेवढंच. बाकी वेळ माझं ‘जेवलीस का?’ आणि तिचं ‘काय म्हणालास?’ आता ती मालिका तू पाहिलेली नाहीस, सुखी आहेस. माणसं एक वाक्य बोलतात आणि मग आलटूनपालटून एकमेकांकडे बघत बसतात. ते जसंच्या तसं सांगणं माझ्या स्वभावात नाही. तेव्हा थोडं तिखटमीठ लावलं. होता होता तिखटमिठाचंच जेवण झालं. त्यात एक टकला काका आहे, सदा सोफ्यावर. तो बिचारा चहा मागण्यापलीकडे काही करत नाही. त्याला मी राहतं घर गुपचूप विकायला निघालेला कारस्थानी केला. एक म्हातारा माळी आहे, त्याला काकाचा डाव ओळखलेला एकमेव शहाणा माणूस केलं. आई अशी रंगली म्हणून सांगू! काका दिसला की ‘आला मेला’ म्हणून पदर सावरून बसायची, आणि जिन्यात भेटेल त्या बाईला ‘घराचे कागद कुलपात ठेवा’ असं सांगायची.

तर त्या संध्याकाळी मधल्या स्पीकरचा आवाज चढवला, बोलणं त्याच्यातून येतं म्हणून, आणि आईला समोर बसवलं. माझी खुर्ची भिंतीशी सरकवली, आता तिची गरज नव्हती. मी मागे दाराशी उभा राहिलो, निकाल लागायच्या दिवशी शाळेत उभा राहायचो तसा. काका आला. आई पुढे सरसावली. काका म्हणाला, ‘चहा झाला का?’ पाचही बाजूंनी म्हणाला. मग जांभई देऊन म्हणाला, ‘मी जरा पडतो.’ आणि पडला.

मालिका संपेपर्यंत आईने एकदाही पदर सावरला नाही. मग मान वळवून मला म्हणाली, ‘यात बिघाड आहे रे.’

मी विचारलं, ‘कसला?’

‘माणसं भलतंच बोलतायत. दादाने हौसेने पाठवलंय, पण सेटिंग चुकलंय. कळव त्याला.’

म्हणून हे पत्र. दुसऱ्या दिवशी पाहतो तर टीव्हीच्या बटणाला परत ऑप्टिकल एक नेमलेलं, आणि पाचही स्पीकर मुके. सेटिंग आपोआप मागे गेलं असावं. असली यंत्रं लहरीच. मी ते बदललेलं नाही. टीव्हीचा स्वतःचा बारीक आवाज मला पुरतो. खुर्ची परत जागेवर आणली आहे.

आईचे तुम्हा दोघांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. – सेटिंग आपोआप मागे जात नाही. माहितीपुस्तिका उलटीसुलटी वाचून खात्री केली. त्या दुपारी घरात आईखेरीज कुणी नव्हतं. (जिला आपण रिमोटचे सेलसुद्धा बदलून देतो ती आपली आई.) ती फोन करून ‘दुरुस्त होईल का?’ असं विचारील, तेव्हा कृपा करून नाही म्हण. तिच्याशी फोनवर तू काहीही बोललास तरी तिला ते मीच सांगतो, हे खरं. पण तू स्वतःच नाही म्हटलंस तर तेवढ्यापुरतं मला खोटं बोलावं लागणार नाही. आणि विषय निघालाच आहे म्हणून: तू दर खेपेला औषधं आणि लाइटबिल एवढंच विचारतोस. तिला मी सांगतो ते वेगळं असतं. एकदा ते मुळातूनच म्हण ना. माझा घसा दुखतो.

पुन्हा ता. क. – लहानपणी आई आपल्याला सिनेमाला न्यायची आणि हटकून खांबामागची जागा मिळायची, ते आठवतं? अर्धा पडदा आपण बघायचो, उरलेला अर्धा ती कानात सांगायची. त्या कुत्र्याच्या सिनेमात शेवटी कुत्रा कुठे गेला म्हणून मी भोकाड पसरलं, तर म्हणाली, ‘मावशीकडे राहायला गेला, तिथे मोठं अंगण आहे.’ कॉलेजात जाईपर्यंत माझ्या लेखी तो कुत्रा मावशीकडेच होता. तर काल मालिकेतला म्हातारा माळी गेला. पडद्यावर सगळे रडत होते, काकासुद्धा. आईने उजवा कान माझ्याकडे केला. मी सांगितलं, माळी मावशीकडे राहायला गेला, तिथे मोठं अंगण आहे.

तिने मान परत पडद्याकडे वळवली. मग म्हणाली, ‘बरं झालं. कुत्र्याला सोबत झाली.’