पत्रक क्र. २ मध्ये नसलेला प्रश्न

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
'एकटे ज्येष्ठ नागरिक' समुपदेशन संशोधन प्रकल्प,
यवतमाळ.

विषय : एका प्रश्नाचा खुलासा मिळणेबाबत.
संदर्भ : माहिती अधिकारात प्राप्त आपले पत्रक क्र. २.

महोदय,

अर्जदार नंदकिशोर खोंडे हे दिग्रस येथील सेवानिवृत्त आवक-जावक लिपिक असून, पत्नी शीला वारल्यापासून चहा-बिस्किटावर होते. आपल्या प्रकल्पाच्या स्पृहा मॅडम बारा गुरुवार घरी आल्या. "काका, आज भाजी काय केली?" असे त्या विचारीत. उत्तर द्यायचे तर भाजी असावी लागते, म्हणून अर्जदार ती करू लागले. "अरे वा" ऐकून पुढच्या गुरुवारी दुसरी शिकले. आजमितीस पाच येतात.

समारोपाच्या चहापानात आपण जाहीर केले की, उपचार पहिल्या गटावर झाला. अर्जदार 'तुलना गटात' होते. त्यांच्याशी नुसते बोलायचे होते. पत्रक क्र. २ मध्ये भाजीचा प्रश्न छापलेला असून पुढे सूचना आहे : "उत्तर काहीही आले तरी 'अरे वा' म्हणावे. आपुलकी दाखवू नये." पस्तीस वर्षे छापील नमुने हाताळूनही अर्जदारास हा ओळखता आला नाही, याची त्यांना शरम वाटते.

शेजारीण हंसाबाई विचारतात, "काहून भाऊजी, तुमच्यावर त्यायनं काही केलंच नाही, तं तुम्ही बरे कायले झाले?" याचे उत्तर आपल्या अहवालात नाही. तेथे या गटापुढे 'उल्लेखनीय फरक नाही' असा शेरा आहे. सबब अर्जदाराने पूर्ववत व्हावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मागणारा परिच्छेद कच्च्या मसुद्यात होता. तो वगळला आहे. तथापि समारोपापासून गॅस बंद आहे.

मात्र नवव्या गुरुवारी मॅडमनी वांग्याची भाजी चाखली, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "काका, मीठ दोनदा पडलं. लक्ष कुठं होतं तुमचं?" त्या दिवशी शीलाची तिथी होती. अर्जदाराने तसे सांगितले. मॅडम ठरल्या वेळेपेक्षा चाळीस मिनिटे जास्त बसल्या.

हा प्रश्न पत्रकात तीनदा शोधला, आढळला नाही. तरी तो मॅडमचा स्वतःचा होता, की पत्रक क्र. ३ अस्तित्वात आहे, एवढे एका ओळीत कळवावे.

आपल्या तुलना गटातील नम्र,
(नंदकिशोर खोंडे)
दिग्रस, गुरुवार, दि. १२ फेब्रुवारी २०२६

सोबत : पत्रक क्र. २ ची झेरॉक्स. उत्तरासाठी तिकीट लावलेले पाकीट.

ता. क. : त्या दिवशी उरलेली खारट भाजी मॅडम डब्यात घेऊन गेल्या. डबा शीलाचा आहे. टपालाने पाठवू नये.