मागच्या भिंतीचं गरम पाणी

बाबा, गेल्या मंगळवारी गिरणीचे वेल्फेअर साहेब माझ्या शाळेत आले होते. तुमच्या वेळचे नव्हेत. हे माझ्याहून लहान, बोलायला गोड, मला मॅडम म्हणणारे. गिरणीची स्मरणिका निघणार आहे आणि गिरणीने वस्तीला काय काय दिलं यावर मी दोन पानं लिहावीत, अशी त्यांची इच्छा. निबंध स्पर्धेतल्या पहिल्या नंबरांची जुनी यादी फायलीत सापडली, त्यात माझं नाव होतं म्हणे. मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं मॅडम खूश झाल्या. मला खरं तर राग आला होता, आणि रागात मी बरं लिहिते. हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण माझं एक अक्षरही तुम्हाला वाचता आलं नाही.

खोटं काही लिहिलं नाही. गिरणीची शाळा नसती तर मी आज दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत नसते, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. दवाखान्याचं लिहिलं, आईच्या शिवणवर्गाचं लिहिलं. घेतलं ते घेतलं, त्याची मला लाज नाही. पण मग पाण्यावर आले आणि पेन थांबेना. डिसेंबरची पहाट, हात बाहेर काढवत नाही अशी थंडी, आणि गिरणीच्या मागच्या भिंतीशी बायका पाण्याचे गुंड आणि बादल्या घेऊन उभ्या आहेत. भिंतीपलीकडे इंजिनघरात तुमची पाळी आहे. इंजिनातून निघालेलं गरम पाणी एरवी दिवस उजाडल्यावर नालीत सोडतात. तुम्ही मात्र पहाटेच चावी फिरवता आणि भिंतीतल्या पाइपातून वाफाळतं पाणी येतं. आई धाकट्याला तिथेच ओट्यावर आंघोळ घालते. त्या पाण्याला मशीनच्या तेलाचा वास असायचा, माझ्या वेण्यांनाही यायचा, आणि वर्गातल्या पोरी नाक दाबायच्या. मी घरी येऊन रडले तेव्हा तुम्ही हसलात. "नाक दाबते त दाबू दे वं. थंड्या पाण्यानं न्हाऊन आल्या असतीन त्या!"

मग कुणीतरी साहेबांपर्यंत पोचवलं. परवानगीशिवाय चावी फिरवली, कुणी भाजलं असतं तर जबाबदार कोण, असं म्हणून तुम्हाला आठ दिवस घरी बसवलं. तुम्ही साहेबांना चकार शब्द बोलला नाहीत. पण त्या पाळीत इंजिनघरात दोघंच असायचे, तुम्ही आणि इंजिनाला तेल देणारे शेजारचे काका. तुमचा हिशेब तिथेच संपला. "त्याच्याशिवाय कोणाले माहीत होतं सांग बरं?" तुम्ही आईला विचारलंत. काकांनी दारात येऊन पोरांची शपथ घेतली, तुम्ही कडी लावली. एका भिंतीची दोन घरं आपली. इकडची भाजीची वाटी तिकडे जायची ती बंद झाली. तुम्ही गेलात त्या वर्षीपर्यंत बंदच राहिली.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीने त्याच भिंतीला चार नळ बसवले. वर संगमरवरी पाटी, वस्तीच्या सेवेसाठी सप्रेम भेट वगैरे. मोठ्या साहेबांच्या बाईंनी फीत कापली, आणि तुम्ही पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. मला इतकी चीड आली, की घरी येऊन विचारलंच, "तुम्ही काहून वाजवल्या? तुम्हालेच त घरी बसवलं होतं ना!" तुम्ही चप्पल काढता काढता म्हणालात, "पाणी त आलं ना वं, पोरी. पाटीले काय चाटू?" तेव्हा ते मला पटलं नाही. आजही पटत नाही. नालीत जाणारं पाणी बायकांच्या बादलीत पडावं हे आधी तुम्हाला सुचलं, कंपनीला नाही.

हे सगळं लिहून दिलं. चौथ्या दिवशी साहेब लेख परत घेऊन आले, तुमच्यावरच्या ओळींवर लाल पेन्सिलीचा फराटा. "मॅडम, एवढा भाग जरा व्यक्तिगत होऊन राहिला. बाकी एकदम फर्स्ट क्लास." मी म्हटलं, काढणार नाही. छापायचं तर पूर्ण छापा, नाही तर मी स्वतःच्या हाताने प्रती काढून वस्तीत घरोघर वाटीन. गिरणीचे उपकार मी मानते, पण माझ्या बापाचं नाव खोडून मानणार नाही. साहेब चहा अर्धा ठेवून उठले. मला फार बरं वाटलं. त्याच तोऱ्यात मी लेख घेऊन आपल्या जुन्या चाळीत काकांकडे गेले.

काका आता खूप थकलेत, नजर गेली आहे. मी मोठ्याने वाचलं. चावी फिरवल्याचं ऐकून ते मान डोलवत होते. "मग कुणीतरी साहेबांपर्यंत पोचवलं" इथे आले तर त्यांनी हात वर केला. "थांब वं. कुणीतरी काहून लिवतं? माह्यंच नाव टाक. तुह्या बापानं त कवाचंच टाकलं होतं."

बाबा, ते नाव माझं आहे. सातवीत होते मी. निबंधाचा विषय होता, गिरणी आपल्याला काय देते. मी लिहिलं, गिरणी आम्हाला गरम पाणी देते, माझे बाबा रोज पहाटे चावी उघडतात. तेव्हाच्या वेल्फेअर साहेबांनी मला वर्गाबाहेर बोलावून विचारलं, किती वाजता उघडतात? मी छाती फुगवून वेळसुद्धा सांगितली. तुम्ही घरी बसलात त्याच आठवड्यात मला पहिलं बक्षीस मिळालं, ती कंपासपेटी. तुम्ही ती चाळभर दाखवत फिरलात. काकांचं दार तेवढं वगळलंत. मला सगळं कळत होतं. आधी तुमच्या माराची भीती वाटली, आणि नंतर, तुम्ही कधीच मारलं नसतं हे कळल्यावर, तुमचा चेहरा बघायची.

लेखातलं "कुणीतरी" मी खोडलं आहे आणि तिथे "मी" लिहिलं आहे. लाल पेन्सिलवाल्यांनी आता काय करायचं ते करावं, मी मागे हटणार नाही. हे पत्र त्याच कंपासपेटीत राहील. पण काकांना छापलेलं काही वाचता यायचं नाही, त्यांना मलाच तोंडाने सांगावं लागणार. त्या दिवशी "पुढे वाचते" म्हणून मी वेळ मारून नेली. आज त्यांच्या दारावरून दोनदा गेले, बाबा, आणि दोन्ही वेळा मान खाली घालून.