मागे बांधलेले हात

४ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचं फोनवर कळलं. पण मुद्द्याचं बोलायला आपल्या घरात पत्रच लागतं. आप्पांनी लावलेली ही खोड तू मास्तरांना संगणक शिकवायला लागलीस तरी सुटली नाही, याचं मला हसू येतं.

मुद्दा असा. उभा जन्म चौथीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला मुख्याध्यापिका सांगतात, हे प्रशिक्षण पास झालात तर वर्ग तुमचा, नाहीतर शाळेचं भांडार सांभाळा. म्हणजे खडूचे खोके आणि झाडू! ती मला हसत हसत सांगते खरी, पण पातेली जोरात आपटते, त्यावरून मी काय ते ओळखतो. वर्ग गेला तर ही बाई मनातून खचेल गं.

तर शिकवणारी घरचीच आहे, त्याचा उपयोग करू. परीक्षेचा पाठ तू तयार करून दे, ती उभी राहून बटण दाबेल. एवढं तर तू करशीलच. तिचे गुडघे दुखतात, फार जिने चढवू नकोस. तब्येतीला जप, आणि थोरल्याचं एकदा तरी ऐक.

तुझा,
दादा

११ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. आता पाणी पी आणि पुढचं वाच.

माझ्या वर्गात एकच नियम आहे. शिकवणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहायचं. शिकणारा अडला, चिडला, रडकुंडीला आला तरी त्याच्या माउसला हात लावायचा नाही. बोलायचं, विचारायचं, वाट बघायची. आमच्या कॉलेजात पूर्वी सगळे पाठ आम्हीच रंगवून द्यायचो. मास्तर खूश, साहेब खूश. नंतर शाळाशाळांत जाऊन पाहिलं तर प्रोजेक्टरवर झालर लावलेलं कापड, आणि त्यावर फुलदाणी. म्हणून सांगते, मी वहिनीला पाठ करून दिला तर ती या परीक्षेत पास होईल आणि पुढे वर्षभर बटणाला घाबरेल.

पहिल्या दिवशी मी यंत्रं सुरूच करू देत नाही. एकच विचारते, तुमच्या मुलांना नेमकं काय कळत नाही? सगळे वैतागतात. वहिनी मात्र पटकन म्हणाली, सावली. दरवर्षी मुलं धडा घडाघडा म्हणून दाखवतात, पण संध्याकाळी खांबाची सावली कुठे पडेल असं विचारलं की छताकडे बघतात. झालं, तिला तिचा प्रश्न मिळाला. यंत्र त्यानंतरचं.

सध्या ती कॉलेजच्या कॅमेऱ्याने पाण्याच्या टाकीजवळच्या खांबाचे फोटो काढते, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत खांब कमी आणि तिचा अंगठाच जास्त. मी बघितलं आणि हात मागेच ठेवले. मी घरी वन्सं आणि वर्गात वैरीण आहे, असं तिने जेवताना ऐकवलं. काल अंगठा कुठून येतो ते तिचं तिला सापडलं, तेव्हा अशी ओरडली की शिपाईमामा धावत आले.

जिने चढतेच आहे. गुडघ्यांची तक्रार फक्त तुझ्यासमोर असते असं दिसतं.

लोभ आहेच, राग आला असेल तर तोही कळवावा.

तुझी,
धाकटी

२५ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काल रविवारी वहिनी येऊन गेली. तिचा पाठ पाहिला. अगं, काय हे! एक खांब, त्याची सावली, परत खांब, परत सावली. ना रंग, ना संगीत. हे बघून परीक्षक जांभया देतील. ती इतक्या कौतुकाने दाखवत होती की माझ्याच्याने बोलवेना.

ती दुपारी झोपल्यावर मी शेजारच्या इंजिनिअरांना गाठलं. भला माणूस! त्यांनी तासाभरात फिरणारी पृथ्वी, हसणारा सूर्य, मागे वाजंत्री आणि शेवटी वहिनीचं नाव सोनेरी अक्षरांत, असं झकास जमवलं. जुना पाठ पुसून हा चढवलाय, फाइलचं नाव तेच ठेवलंय. दुसरी प्रत हवीच असं तूच शिकवतेस ना, म्हणून तिच्या दोन्ही पेन ड्राइव्हवर! तिला काही माहीत नाही. परवा परीक्षेतच चकित होऊ दे.

तू दोन दिवस रागावशील आणि मग माझे आभार मानशील. तोवर तुझे हात मागेच असू देत.

तुझा,
दादा

२८ मे

दादास,

नमस्कार नंतर. परीक्षा काल झाली आणि तुझं पत्र आज मिळालं. आता तुझा पराक्रम ऐक.

शेजारच्या शाळेतली, सुट्टीतही मुद्दाम बोलावलेली चौथीची मुलं समोर बसलेली, दोन परीक्षक, आणि वहिनीच्या मुख्याध्यापिका मुद्दाम आलेल्या. वहिनीने पाठ उघडला आणि तुझी वाजंत्री सुरू झाली. तिचा चेहरा पांढराफटक. दुसरा पेन ड्राइव्ह लावला, तिथेही तोच हसरा सूर्य! कॉलेजातल्या यंत्रांतलं आणि कॅमेऱ्यातलं सगळं दर शनिवारी पुसलं जातं, म्हणजे तिथेही काही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. परीक्षकही म्हणाले, तांत्रिक अडचण दिसते, मॅडम मदत करू शकतात. मी हात मागे बांधून उभी होते. तशीच राहिले.

पृथ्वी फिरली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग वहिनीने विचारलं, संध्याकाळी खांबाची सावली कुठे पडेल? सगळी पोरं छताकडे! तिने तुझा सूर्य सरळ बंद केला, परीक्षकांच्या टेबलावरचा दिवा मागून घेतला आणि एक खडू उभा केला. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातात आपला फोन दिला, फोटो काढ म्हणाली. पहिल्या फोटोत काय आलं असेल? अंगठा. वहिनीचा हात पुढे गेला, थांबला, आणि मी सांगते दादा, तिने तो मागे नेला. पाठीमागे दुसऱ्या हातात धरला. पोरीने खटपट करून दुसरा फोटो नीट काढला.

मुलं दिवा हळूहळू खाली आणत गेली, फोटो घेत गेली. फोनची केबल उलटी लावली, सुलटी केली, तीही वहिनीनेच. फोटो पडद्यावर ओळीने लावले आणि विचारलं, दिवा अजून खाली आणला तर? त्या मुलीने पडद्यापाशी धावत जाऊन बोट ठेवलं. पुढचा फोटो लावला तर सावली बरोबर तिच्या बोटाखाली! त्या वेळच्या टाळ्या वेगळ्या होत्या रे.

ती पास झाली. चौथीचा वर्ग तिचाच राहील, असं मुख्याध्यापिकांनी तिथेच सांगितलं. तुझं पत्र मी तिला वाचायला दिलंय. आज संध्याकाळी हे पत्र घेऊन तीच घरी पोचेल. पातेली जपून ठेव.

आता नमस्कार.

धाकटी

८ जून

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

घरी आल्यावर पातेली वाजली, भरपूर वाजली. ह्यांनी कान धरले. शिक्षा म्हणून आता फोटो काढून पाठवायला मी ह्यांना शिकवतेय. घामाघूम होतात आणि म्हणतात, तूच दाब ना एकदाचं! मी आपली हात मागे बांधून उभी. फार कठीण असतं हो ते. हात नुसते शिवशिवतात. तुम्ही हे रोज कसं करता?

एक सांगायचं राहिलं. वाजंत्री सुरू झाली आणि मी तुमच्याकडे पाहिलं, तेव्हा तुमचा चेहरा दगडासारखा होता. मनात आलं, ही बाई माझी कोणीच नाही. मला रडू फुटणार होतं. पण तुमच्या मागे काचेचं कपाट होतं, आणि त्या काचेत मला तुमची पाठ दिसली. तुमचे हातही दिसले. एका हाताने दुसरा इतका आवळून धरला होतात की बोटं पांढरी पडली होती, आणि तरीही ते थरथरत होते. माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त घाबरला होतात, वन्सं. ते पाहिलं आणि मला धीर आला. मग मी दिवा मागितला.

सोमवारपासून शाळा. ह्यांनी आतून हाक मारलीय, फोटोत अंगठा येतोय म्हणून. जाते. हात मागे घेऊनच जाते.

माया आहेच, ती पुरवून पुरवून वापरू.

तुमची,
वहिनी