जी तोड होणारच नव्हती

अब्बा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही सरकारी जंगलाचे गार्ड, आणि कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्याबरोबर रान चढायचो. कुठल्या उतारावरून लाकूड खाली आणता येतं, कुठून नाही, हे तुम्ही चालता चालता दाखवायचात. तोडायच्या झाडांवर हातोड्याने सरकारी शिक्का मारायचात. एकदा ठेकेदाराला यादीबाहेरचं ऐनाचं एक जुनं झाड हवं होतं. त्याच्या वतीने मीच म्हणालो, "मारा ना अब्बा, कुणाला कळणार आहे?" तुम्ही हातोडा खाली ठेवलात. "मला कळलंय ना," एवढंच म्हणालात, आणि यादीतल्या पुढच्या झाडाकडे निघालात.

पुढे मी सौदीतल्या जेद्दाहच्या एका सल्लागार कंपनीत लागलो. एका दूरच्या देशातल्या सरकारी जंगलाची फाइल माझ्याकडे आली. तिथली तोड कायमची बंद करायची, झाडांत टिकून राहिलेल्या कार्बनची क्रेडिट मिळवायची, आणि आमच्या गिऱ्हाईक कारखान्याने ती विकत घेऊन आपला धूर भरून काढला म्हणायचं. अट एकच: एरवी तिथे तोड खरोखर होणार होती, असं मी लिहून द्यायचं. सौदीकरणाची, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमायची, वर्षं होती. आमच्या मजल्यावरच्या परदेशी लोकांच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. माझ्या जागी येणारी इंजिनिअर सौदीतल्याच खमीस मुशैतच्या डोंगराळ भागातली, आणि तिला काम शिकवायचं मीच. एका सकाळी तिने नकाशावर बोट ठेवलं. "सर, इथे रस्ता नाही, उतार भिंतीसारखा. कित्येक वर्षांत इथलं एक झाड पडलेलं नाही. मग आपण वाचवतोय काय?" अब्बा, मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी म्हणालो, "खलास, पुरे. पुढचं पान घे."

साहेबांनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं, रिपोर्ट गुरुवारपर्यंत गेला तर तुझा इकामा, इथे राहायचा परवाना, आणखी एक वर्ष वाढवू. तुमची नात बारावीला होती. शाळा अर्ध्यावर सोडून तिला गावी कसं न्यायचं, हे मी मनाशी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी तेच खरं कारण वाटायला लागलं. मी सही केली. त्या इंजिनिअर मुलीने केली नाही. दोन ओळींची हरकत लिहून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवली. आठवड्याभरात तिची बदली दुसऱ्या विभागात झाली, तेही तिच्याच देशात, तिच्यासाठी राखलेल्या जागेवरून. आणि परदेशी मी तिथेच राहिलो. साहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू समजूतदार आहेस." मी हसलोसुद्धा.

जायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, बोल लावेल. तिने तसं काही केलं नाही. "उतार बघून जंगल ओळखायला तुम्ही मला शिकवलंत," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी शिकवलं?"

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगतो. तुमचं नाव ओठांवर आलं होतं, अब्बा. मी म्हणालो, "पुस्तकांत वाचलं."