पाचवे तिकीट आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, छपाईची यंत्रे दुरुस्त करण्याच्या नोकरीतून निवृत्त, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या यजमानांचे मत वेगळे आहे, पण वकीलबाई म्हणतात की ते कायद्यात धरत नाहीत. कोणाच्याही दबावाला किंवा गोडीगुलाबीला बळी न पडता मी हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र करते.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गच्ची, यजमानांनी हयातभर वापरावे. त्यांच्या पश्चात ते मुलगा आणि मुलगी यांच्याकडे समसमान जावे. हे घर माझ्या पगारावर उभे राहिले असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. महिन्यातले वीस दिवस मी परगावच्या छापखान्यांत असे. यजमान शाळेत चित्रकला शिकवून दुपारी घरी येत, स्वयंपाक करत, पोरांचा अभ्यास घेत. लेकीची वेणी घालायला मला त्यांनीच शिकवले. शिकवताना हसले नाहीत, याची नोंद इथे कायमची राहावी.

२. बँकेत जे काही असेल ते यजमानांच्या औषधपाण्यासाठी. त्यातून नवे रंग आणल्यास मुलांनी हरकत घेऊ नये.

३. माझे पान्हे, जाडी मोजण्याच्या पट्ट्या आणि चामड्याची पिशवी तंत्रशाळेला द्यावी. अट एकच, पिशवी आधी मुलींच्या हातात पडावी. एका मालकाने मला फाटकातच विचारले होते, "मिस्त्री मागून येतायत का?" मी त्याचे यंत्र सुरू केले आणि बिलावर "मिस्त्री येऊन गेले" असे लिहून निघाले. त्याला मी काहीही ठेवत नाही.

४. विमानप्रवासाचे पॉइंट. हे कलम मी आधी फार थाटात लिहिले होते. वकीलबाईंनी ते खोडले. माणूस गेला की त्याचे पॉइंटही जातात, ते वारसांना मिळत नाहीत, असे विमान कंपनीचे नियम सांगतात. म्हणून देण्यासारखे काही उरलेले नाही, पण हकीकत लिहून ठेवते.

कामासाठी मी बावीस वर्षे विमानाने फिरले. तिकीट कंपनी काढायची, पॉइंट माझ्या नावावर पडायचे. घरच्यांना मात्र विमान म्हणजे मला घेऊन जाणारी वस्तू एवढेच ठाऊक. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची सूनबाई पाहुणी म्हणून येते हो." मला ऐकू जाईल अशा आवाजात.

एके दिवशी विमान कंपनीचे पत्र आले की वर्षअखेर पॉइंट बाद होतील. तेव्हा ठरवले, सगळ्यांना परदेशी न्यायचे. यजमान शाळेत ज्या चित्रावर दरवर्षी पहिला तास घ्यायचे, ते मूळ चित्र तिथल्या एका संग्रहालयात होते. नदीकाठी दोरीवर कपडे वाळत घातले आहेत, एवढेच चित्र. पुस्तकात ते पोस्टकार्डाएवढे छापलेले होते.

पॉइंट चार तिकिटांपुरते भरले. आम्ही होतो पाच. विकत तिकीट घेण्याची तेव्हा ऐपत नव्हती. मी म्हटले, "मी राहते घरी. मला विमानाचं काय अप्रूप?"

यजमान म्हणाले, "अगं, तुझेच पॉइंट आणि तूच मागं?"

"तुम्ही जा हो. मला जरा झोप मिळेल."

दुसऱ्या दिवशी मला न सांगता त्यांनी भिंगवाल्याला फोन केला.

भिंगवाला म्हणजे माझा कंपनीतला सहकारी. छपाईचे ठिपके तपासायचे भिंग कायम गळ्यात, म्हणून हे नाव. सगळ्यात मोठे यंत्र माझ्याकडे येणार होते तेव्हा "रोलर उचलणं बाईला झेपणार नाही" असे साहेबांना त्यानेच सांगितले होते. त्यानंतर सात वर्षे आम्ही एकाच टेबलावर बसून, बोलणे बंद, कामापुरत्या एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत होतो. तो माणूस शनिवारी दारात उभा राहिला. आत या म्हटले तरी येईना.

"बाई, माझे पॉइंट तुमच्या नावावर केलेत. पाचवं तिकीट निघेल."

"मला तुमचे उपकार नकोत."

"उपकार नाहीत. त्या रोलरबद्दल मी चुकीचं बोललो होतो. सात वर्षं सांगायचं राहिलं."

असे म्हणून तो जिना उतरून गेलासुद्धा.

आम्ही पाचही जण गेलो. सासूबाईंनी विमानात खिडकी सोडली नाही. संग्रहालयात यजमान त्या चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. मग बाकावर बसून म्हणाले, "अगं, आभाळ निळं आहे."

पुस्तकात ते हिरवट होते. पावसाची चाहूल लागली म्हणून चित्रकाराने आभाळ हिरवट केले, असे ते पोरांना शिकवत आले होते. "सव्वीस वर्षं मी खोटं शिकवलं."

मी पुढे होऊन नीट पाहिले. म्हटले, "तुम्ही नाही हो. ही आमच्या लोकांची चूक. पुस्तकात पिवळी शाई जास्त सुटलीय. छापणाऱ्यानं रोलर तपासला नाही. तुम्ही जे दिसलं तेच शिकवलंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मोठ्याने हसू लागले. इतके की पहारेकरी आला. मुलगा त्याला हातवारे करून समजावत होता, मुलगी लाजेने खांबामागे. तेव्हा सासूबाई लेकाला म्हणाल्या, "बघ. ही आली नसती तर तू जन्मभर खोटारडा ठरून बसला असतास." मग माझा हात धरून पुढच्या दालनात निघाल्या. बाहेर पडेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. शेजारणीशी बोलताना पाहुणी हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही.

५. त्या चित्राची संग्रहालयातून आणलेली मोठी प्रत मुलीला द्यावी. मुलगा भांडेल. भांडू द्यावे.

६. परत आल्यावर मी भिंगवाल्याच्या घरी आभार मानायला गेले. भिंतीवर त्याच्या लेकीचा आणि तान्ह्या नातीचा फोटो होता. लेक परदेशात. ते पॉइंट त्याने नात बघायला जायचे म्हणून साठवले होते. तो चहा ओतत म्हणाला, "पुढच्या वर्षी जाईन की." पुढच्या वर्षी त्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. नात चालायला लागल्यावर तो तिला भेटला. पुढे नोकरी संपली आणि पुन्हा जाणे झाले नाही.

पॉइंट मृत्युपत्राने देता येत नाहीत हे कळले त्याच दिवशी मी नंतरचे साठलेले, बाद होऊ नयेत म्हणून दरवर्षी थोडे वापरून टिकवलेले सगळे पॉइंट घालून त्याचे जाण्यायेण्याचे तिकीट काढले, खिडकीजवळचे. हो म्हणायला त्याने नऊ दिवस घेतले. शेवटी म्हणाला, "बाई, उपकार नकोत." मी म्हटले, "मग निमूट जा."

या कागदावर पहिली साक्ष त्याचीच घ्यायची होती. पण नातीच्या शाळेत आजोबांना बोलावले आहे, तो परवाच गेला. म्हणून साक्षीदार बदलले आहेत. वकीलबाईंनी कारण विचारले, ते मी आनंदाने लिहून दिले आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला. पटला. सही केली.

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: नऊ ऑक्टोबर, सकाळी साडेदहा

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाई
२. (सही) डॉक्टर, दाखला देणारे